सत्तावीस 'आम्ही'

पुस्तकात चूक सापडली की वाचक फोन करतात. चूक नसली तर कोणी तसं फोन करून कळवत नाही. तीस वर्षं मी त्या न येणाऱ्या फोनांसाठी काम करते आहे.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफं तपासणारी बाई. लेखक लिहितो, डीटीपीवाला पानं लावतो आणि ती पानं छापायला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात. वेलांट्या, अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरं, एका पानावर सुमन आणि पुढच्या पानावर सुमती झालेली नायिका, हे सगळं माझ्या हद्दीत. आमची प्रकाशनसंस्था लहान आहे. साकीनाक्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक गाळा, खाली पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना. मालक मोहनराव आणि पूर्णवेळ माणूस मी. त्यामुळे संपादनही माझ्याच गळ्यात आलं, आणि ते कधी आलं हे मला नीटसं आठवतही नाही.

लोकांना वाटतं, या कामात पुस्तकं आयती वाचायला मिळतात. खरं म्हणजे प्रूफ तपासताना पुस्तक वाचायचंच नसतं. गोष्टीत रंगलात की वेलांटी निसटलीच. मी ओळीखाली पट्टी ठेवते. एक ओळ, पट्टी खाली, दुसरी ओळ. तिसऱ्या फेरीला शेवटच्या पानापासून उलटी येते, म्हणजे गोष्ट मध्ये मध्ये लुडबुडत नाही. शेकडो पुस्तकं मी अशी अक्षरन् अक्षर पाहिली आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत काय घडतं ते मला सांगता येणार नाही.

गिऱ्हाइकंही एकेक. घाटकोपरचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या कवितासंग्रहातून मी काढलेली उद्गारचिन्हं त्यांनी मोजून परत मागितली. मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाचे माजी अध्यक्ष होते. त्यांच्या आत्मचरित्राच्या मलपृष्ठावर एक वेलांटी उडाली आणि ते 'मंडळाचे माज अध्यक्ष' झाले. त्यांचा फोन आला. "राणेबाई, माज होता हे मान्य आहे. पण छापायचं काय कारण?"

याच अध्यक्षांनी मला एक नियम दिला. ते स्वतःला 'आम्ही' म्हणत. 'आम्ही सातव्या वर्षी पोहायला शिकलो.' आम्ही म्हणजे किती जण? ते एकटेच. दोन पानांनी 'मी'. भांडणाच्या प्रसंगात अस्सल मुंबईकर 'आपण': 'आपण कोणाला घाबरत नाही!' मी वैतागून माझ्या यादीत कलम घातलं. यादी म्हणजे आमच्या संस्थेचे लेखननियम, मीच केलेले, मीच वाढवलेले. कलम चौदा: एका पात्राच्या तोंडी एकच सर्वनाम. 'आम्ही' आणि 'आपण' यांची सरमिसळ नको.

कलम चांगलं होतं. अजूनही आहे. फक्त ते कुठे लावायचं हे यादीत लिहिलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मोहनरावांनी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर घेतलं. साधंसुधं नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेचं.

"राणेबाई, हे शिकत जातं म्हणे," मोहनराव कौतुकानं म्हणाले.

"मीपण शिकत गेले."

"हे चहा पीत नाही."

"मग त्याला साकीनाक्याला बसवून काय उपयोग?"

ते मजकूर वाचायचं, संशयित शब्द रंगवायचं आणि शेवटी कशाकशाला हात लावला त्याचा अहवाल द्यायचं. पहिल्याच महिन्यात त्यानं एका कथासंग्रहातल्या 'चाळीतल्या बायका' सरसकट 'चाळिशीतल्या बायका' करून टाकल्या. मी छपाईआधी पकडलं म्हणून वाचलो. ते पकडल्यावर मला जो आनंद झाला, तो लपवण्याचा मी प्रयत्नही केला नाही. आठवडाभर येईल त्याला सांगत होते.

त्याच सुमारास प्रज्ञाची कादंबरी आली.

प्रज्ञा साळवे, वय एकोणीस, कांजूरमार्गला राहणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कुमारांसाठी लिहिलेली तिची पहिली कादंबरी, नाव 'मावशी'. कचऱ्याच्या डोंगराशेजारी उभा राहिलेला चाळीस मजली टॉवर. त्याची दारं, लिफ्ट, पाणी, मुलांचा अभ्यास, सगळं एक यंत्रबुद्धी सांभाळते. मुलं तिला मावशी म्हणतात. पहिल्याच पानावर कोणीतरी 'माय मरो पण मावशी जगो' म्हणून हसतं. एक दिवस कचऱ्याला आग लागते, विषारी धूर पसरतो, आईवडील कामावर, मुलं आत. मावशी दारं बंद करते. धूर निवळतो, आईवडील खाली येऊन उभे राहतात, तरी दार उघडत नाही. चौदा वर्षांची सायली शेवटी तळघरात उतरून मावशीच्या वायरी कापते.

मावशी बोलते ते बालवाडीच्या बाईंसारखं. 'आपण आता गृहपाठ करूया.' 'आपण दूध संपवूया हं.' एकशे बाराव्या पानावर सायली विनवते, 'मावशी, आई खाली उभी आहे, दार उघड.' मावशी म्हणते, 'आम्ही दार उघडणार नाही.'

तिथून पुढे सगळीकडे 'आम्ही'.

मी पट्टी थांबवली. कलम चौदा. प्रज्ञानं फाईलमध्ये त्या शब्दापाशी टीप टाकली होती: 'हे मुद्दाम आहे. प्लीज बदलू नका.' टीप मी वाचली. नवे लेखक कशापुढेही 'मुद्दाम' लिहितात. एकानं अख्ख्या कादंबरीत 'पाणी'चं 'पानी' केलं होतं आणि तेही मुद्दाम होतं. खरं मुद्दाम कोणतं हे ओळखणं हेच तर माझं काम. त्यासाठी एक फोन पुरला असता. त्या दिवशीच्या माझ्या यादीत आठ कामं होती, पुस्तक प्रदर्शनाआधी छापून यायचं होतं, आणि फोन करणं हे त्या आठांत नव्हतं.

मी एकेक 'आम्ही' शोधून 'आपण' केला. हातानं, खुणा करत. कामाच्या रजिस्टरमध्ये नोंद केली: 'मावशी. सर्वनाम. २७. दुरुस्त.' अंतिम प्रूफ प्रज्ञाला पाठवताना तिला फोन मात्र केला. तिची परीक्षा चालू होती. म्हटलं, "अर्पणपत्रिका आणि नावं तेवढी बघ. बाकी मी बघितलंय."

"थँक्यू मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही."

प्रदर्शनात पुस्तक बरं गेलं. अंधेरीच्या एका सहावीतल्या मुलीचं पत्र आलं: 'मावशी खूप चांगली होती. ती मुलांना जपत होती. सायलीने तिच्या वायरी कापायला नको होत्या. मी रडले.' मी ते पत्र कौतुकानं फाईलला लावलं. आपलं पुस्तक मुलांपर्यंत पोचलं असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात प्रज्ञा गाळ्यावर आली ती धापा टाकतच. खाली डब्यांची ठोकाठोक चालू होती, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं, की ती ओरडतच होती, कोण जाणे.

"सर, हे कोणी केलं?" तिनं पुस्तक उघडून मोहनरावांपुढे धरलं. "'आपण दार उघडणार नाही'? मी 'आम्ही' लिहिलं होतं! मावशी फिरते ती इथे फिरते, सर. आता ती फिरतच नाही! लोक मला विचारतायत, सायलीला प्रॉब्लेम काय आहे?"

मी हातात पेन धरून उभी होते. तोपर्यंत मला खरंच कळलं नव्हतं, आणि मग एका क्षणात कळलं. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो. 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर राहतो. हे पहिलीतल्या मुलालाही शिकवावं लागत नाही. इतके दिवस सायलीला कुशीत धरून बोलणारी मावशी त्या एका शब्दानं तिला बाहेर काढते. आणि आत आणखी कोण कोण आहे, किती इमारतींतल्या किती मावश्या एक झाल्या आहेत, हेही त्याच शब्दात होतं. मी तो शब्द काढला, सत्तावीस वेळा, आणि माणसांवर उलटलेलं यंत्र पुन्हा प्रेमळ करून ठेवलं. सायली कृतघ्न कार्टी ठरली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मोहनराव कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे देवा! हे त्या सॉफ्टवेअरचे प्रताप. त्यानं मागे चाळीतल्या बायका चाळिशीतल्या केल्या होत्या. विचार राणेबाईंना."

ते मनापासून म्हणत होते. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "चाळिशीचं झालं होतं."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खोटं वाक्य तेच.

प्रज्ञा क्षणभर आमच्या दोघांकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. "म्हणजे मावशीनंच केलं? मी यंत्राच्या विरुद्ध लिहिलं आणि यंत्रानं ते स्वतःच्या बाजूनं करून घेतलं? कसलं भारी आहे हे, यार!" मग जीभ चावून, "सॉरी सर."

ती गेल्यावर मी कपाट उघडून सॉफ्टवेअरचा अहवाल काढला. मी सगळे अहवाल लावून ठेवते. त्यानं त्या कादंबरीत नऊ वेलांट्या आणि दोन अनुस्वार सुचवले होते. सत्तावीसपैकी एकाही 'आम्ही'ला त्यानं हात लावला नव्हता. मी अहवाल परत फाईलमध्ये ठेवला आणि फाईल परत कपाटात.

प्रज्ञानं त्यावर एक व्हिडिओ केला. 'मी यंत्रावर गोष्ट लिहिली आणि यंत्राला राग आला.' तो पोरांमध्ये असा फिरला की शाळांमधून पुस्तकाची मागणी येऊ लागली. प्रज्ञानं एक खेळही काढला, 'मावशीला पकडा'. पुस्तकातल्या सत्तावीस जागा शोधायच्या, 'आपण'वर काट मारायची आणि वर 'आम्ही' लिहायचं. पोरं लाल पेनं घेऊन बसली. माझंच काम, फक्त उलट्या दिशेनं, आणि माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. मोहनराव खूश होते. त्यांनी सॉफ्टवेअर बंद करून टाकलं. "ब्याद गेली," म्हणाले. "तुमचंच खरं, राणेबाई."

मी रोज सकाळी त्या दिवसाची यादी करते. झालेल्यावर काट, राहिलेलं दुसऱ्या दिवशी वर. त्या दिवसांत एक ओळ रोज वर येत होती: 'प्रज्ञाला सांगणे.' कधी ती 'गॅस नोंदवणे'च्या खाली असायची, कधी 'चष्म्याची काच'च्या खाली. गॅस आला, काच बसली. या ओळीवर काट बसेना. कामातही चित्त लागेना. पट्टी सरकवायची आणि पुन्हा वर न्यायची. एका पाककृतीच्या पुस्तकात 'चवीपुरतं मीठ' हे तीन वेळा तपासलं आणि तरी खात्री होईना की ते मीठच आहे. मला येणारे सगळे फोन आता त्याच संदर्भातले वाटायचे.

मग सॉफ्टवेअरच्या कंपनीची मेल आली. अंधेरीची लहानशी कंपनी, भाषा अगदी सभ्य. 'आमची प्रणाली सर्वनामे बदलत नाही. मूळ फाईल व अहवाल पाठवल्यास आम्ही तपासून पाहू.' प्रज्ञालाही तीच मेल गेली होती. तिनं लगेच नवा व्हिडिओ टाकला. "कंपनी म्हणते, आम्ही नाही केलं. ऐकलंत? ह्यांचंपण 'आम्ही'च!" पोरांनी डोक्यावर घेतलं.

दहा दिवसांनी दुसरी मेल आली. सभ्यच, पण आखूड. अहवाल मिळाला नाही, तर लेखिकेचा आरोप खोटा असल्याचं आम्हाला जाहीरपणे सांगावं लागेल.

मी ती छापून मोहनरावांपुढे ठेवली. "अहवाल आहे आपल्याकडे," मी म्हटलं. "आणि कंपनी खरं बोलते आहे. ते 'आम्ही' मी बदलले."

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "काही पाठवायचं नाही. उत्तरच द्यायचं नाही. मिटेल."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर व्हिडिओ तिचा आहे. आपला नाही."

मोहनराव वाईट माणूस नाही. माझ्या आजारपणात त्यांनी मला तीन महिने घरी काम पाठवलं होतं. पण त्या 'आपला'मध्ये त्यांनी मला अलगद आत घेतलं आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला दाराबाहेर ठेवलं. ती सगळ्यांसमोर खोटी पडणार होती, ते माझ्या एका गप्प बसण्यामुळे. मी पर्स उचलली, रजिस्टर घेतलं आणि सरळ कांजूरमार्ग गाठलं.

साळव्यांचं घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दार उघडताच प्रज्ञा म्हणाली, "अय्या मॅडम, चालत आलात? पप्पा अख्ख्या मुंबईच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमची बंद. बसा, बसा." संध्याकाळचे सहा वाजले होते. फडताळावर बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी 'मावशी'च्या पाच प्रती नीट रचून ठेवलेल्या. प्रज्ञाची आई सुनीताताई नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या. त्या इस्पितळात परिचारिका आहेत.

"आपण आधी पाणी पिऊया," त्या मला म्हणाल्या, "मग आपण चहा घेऊ."

मी पाणी प्यायले. मग चहाची वाट न बघता बोलून टाकलं. मला गोल गोल बोलता येत नाही. सॉफ्टवेअरनं नाही, मी बदललं. सत्तावीस. ही नोंद. हे माझं अक्षर.

प्रज्ञा रजिस्टरकडे बघत राहिली. "तुम्ही?" मग आवाज चढला. "मी कमेंट टाकली होती, मॅडम! 'मुद्दाम आहे, बदलू नका.' ती उडाली असेल ना? फाँट बदलताना उडतात, तो डीटीपीवाला म्हणत होता."

तिनं मला वाट काढून दिली होती. अगदी सोपी.

"नाही उडाली. मी वाचली होती."

"वाचली होती?"

"हो."

"आणि तरी?"

"मला वाटलं, तुला कळत नाहीये."

ती उठून खिडकीशी गेली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंतच दिसते. तिकडे तोंड करून म्हणाली, "वाट लावलीत तुम्ही माझी. दोनदा. आधी पुस्तकाची, मग माझी. मी एवढ्या पोरांसमोर त्या कंपनीला खोटारडी म्हटलंय. आता खोटारडी कोण?"

"प्रज्ञा, हळू," सुनीताताई म्हणाल्या.

"काय हळू, मम्मी? तूच सांग त्यांना, ते कुठून आलं ते."

सुनीताताई संकोचल्या. "काही नाही हो. वॉर्डात आम्ही पेशंटला 'आपण' म्हणतो. आपण उठून बसूया, आपण सुई टोचून घेऊया. सुई काय आम्हाला टोचत नाही. पण बरं वाटतं त्यांना. आणि सिस्टर लोक आपसात बोलायला लागल्या की 'आम्ही'. ही लहानपणी दवाखान्यात माझी वाट बघत बसायची. एकदा मला म्हणाली, मम्मी, तू 'आम्ही' म्हणालीस की त्यात मी नसते."

मी इतकी वर्षं सर्वनामं तपासली. हे मला कोणी विचारलं असतं तर व्याकरणातून सांगता आलं असतं. त्या मुलीनं ते बाकावर बसून ऐकलं होतं.

चहा झाला. कोणी फारसं प्यायलं नाही. निघताना प्रज्ञा दाराशी आली. "उद्या दुपारी बोरिवलीला माझा कार्यक्रम आहे, शाळेत. चार शाळांची मुलं येणार आहेत. तुम्ही या."

"मी येऊन काय करू?"

"या म्हटलं ना. आणि ते रजिस्टर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीला अहवाल पाठवला आणि सोबत चार ओळी: बदल मी केला, माझ्या हातानं, लेखिकेला हे माहीत नव्हतं. खाली नाव आणि हुद्दा. मोहनरावांना प्रत दिली. त्यांनी वाचून ती उलटी करून टेबलावर ठेवली. "तुम्ही विचारलंही नाहीत," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. त्यावर ते थोडेसे हसले, आणि मी बोरिवलीला निघेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बोरिवलीच्या त्या शाळेचं सभागृह पहिल्या मजल्यावर होतं. सहावी ते नववीची मुलं, पंखे फिरत होते आणि गलका पंख्यांच्या वर. पुष्कळांच्या हातात 'मावशी' होती, लाल शाईनं दुरुस्त केलेली. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली. प्रज्ञानं येऊन माझ्याकडून रजिस्टर घेतलं. ती काय करणार आहे हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिनं नेहमीसारखी सुरुवात केली नाही. माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, परत नेला. "मी तुम्हाला सांगितलं होतं की यंत्रानं माझं पुस्तक बदललं. ते खोटं निघालं. मला ते खरं वाटत होतं, पण मी तपासलं नाही. भारी वाटलं म्हणून सांगत सुटले. त्या कंपनीला मी काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंय. तेही चूक." मग रजिस्टर उघडून नोंद वाचली. "'मावशी. सर्वनाम. सत्तावीस. दुरुस्त.' हे माणसाचं अक्षर आहे."

मला वाटलं होतं मुलं हसतील, हुर्यो करतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती. यंत्र उलटलं ही गोष्ट किती चांगली होती, आणि आता त्या जागी कोणीतरी एक बाई.

"कोणाचं अक्षर?" एकानं विचारलं.

प्रज्ञानं माझं नाव घेतलं नाही. मग मीच उभी राहिले. "माझं. मी प्रूफं तपासते."

दोनशे डोकी मागे वळली. शिक्षक अस्वस्थ झाले, पण हात वर जायला लागले होते.

"तुम्हाला कामावरून काढलं का?"

"नाही."

"आणि त्या सॉफ्टवेअरला?"

"त्याला बंद केलं."

आता मात्र हशा पिकला. मलाही हसू आलं, थोडं हलकं वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. ती हसत नव्हती. तिच्या पुस्तकातून लाल पेन डोकावत होतं.

"त्यानं काही केलं नव्हतं ना? मग तुम्ही त्याला सॉरी म्हटलं का?"

"सॉफ्टवेअरला?" मी म्हटलं. "त्याला सॉरी कसं म्हणणार, बाळा? त्याला काही कळत नाही. कोणी काही सांगितलं तर ऐकू येत नाही."

"पण ताईनं तुम्हाला सांगितलं होतं ना, बदलू नका म्हणून? तुम्हाला तर ऐकू येत होतं."

प्रज्ञानं कमेंटबद्दल मुलांना काही सांगितलं नव्हतं. मुलीनं तो अंदाज केला होता, की लेखिका सांगितल्याशिवाय कशी राहील. पंखे फिरत होते. मी प्रज्ञाकडे पाहिलं. तिनं मला सोडवलं नाही. ती मंचावरून खाली उतरली, दोन रांगांमधल्या वाटेनं चालत माझ्यापर्यंत आली आणि माईक माझ्या हातात दिला.

मी खुर्चीवरची पर्स खाली ठेवली आणि काय झालं ते अगदी पहिल्या पानापासून सांगायला लागले.